ताईचं नाव पहिलं का

ठाणे, रविवार

चि. अमेय यास,
अनेक आशीर्वाद.

लिव्हिंग विलमध्ये, म्हणजे मला बोलता येईनासं झालं तर कोणते उपचार नकोत आणि माझ्या वतीनं कोणी बोलायचं ते लिहून ठेवायच्या कागदात, ताईचं नाव पहिलं आणि तुझं दुसरं म्हटल्यावर काल फोनवर तू गप्प झालास. मला बोलून नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहायला बसले.

आजी गेली तेव्हा तू दहावीत होतास, तुला आयसीयूत नेलं नव्हतं. तिनं नळी उपसू नये म्हणून तिची दोन्ही मनगटं कॉटच्या कठड्याला बांधली होती. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आता यातून उठणं नाही. मला ते कळलं होतं. पण मामा अमेरिकेहून आला आणि बॅगही खाली न ठेवता म्हणाला, "जे जे करता येईल ते सगळं करा." तो थोरला, पैसेही तोच भरत होता. मी तोंड उघडलं नाही. अकराव्या दिवशी आजीला शेवटची आंघोळ घालताना मनगटांवरचे वळ पाहिले, ते अजून डोळ्यांपुढून जात नाहीत. मामाचा राग नाही रे. त्यानं तिला तीन वर्षांत पाहिलं नव्हतं. त्याच्या मनातली आजी अजून हिंडतीफिरती होती.

अरुणा शानभाग यांचं तू वाचलं असशील. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ ला तिथल्याच एका सफाई कामगारानं हल्ला करून कुत्र्याच्या साखळीनं त्यांचा गळा आवळला, आणि पुढची जवळजवळ ४२ वर्षं त्या तिथंच पडून होत्या. पत्रकार पिंकी विराणी सुप्रीम कोर्टात गेल्या, त्यांना आता जाऊ द्या म्हणून. केईएमच्या परिचारिका म्हणाल्या, आम्ही त्यांना कुस्करून भरवलंय, कुशीवर वळवलंय, आम्ही सांभाळू. ७ मार्च २०११ च्या निकालात कोर्टानं सांगितलं, अरुणांच्या वतीनं बोलायचं ते केईएमच्या लोकांनी. मागणी फेटाळली, पण हायकोर्टाच्या परवानगीनं उपचार थांबवण्याची वाट त्याच निकालानं उघडली. २०१५ च्या मे महिन्यात न्यूमोनियानं त्या गेल्या.

मला स्वतःला तसं जगायचं नाही. तरी बोलायचं कुणी, याबद्दल कोर्टाचं म्हणणं मला पटतं. रोज अंग पुसणाऱ्याचा शब्द आधी. ताई दोन गल्ल्या सोडून राहते, म्हणून तिचं नाव पहिलं. अरुणांना स्वतःला काय हवं होतं, ते मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं. पंचविशीतल्या मुलीला ते कोण विचारणार? मी पासष्टीची आहे. मी लिहून ठेवायलाच हवं.

२०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं लिव्हिंग विल मान्य केलं, पण त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची. कोण जाणार तिथं? जानेवारी २०२३ मध्ये ती अट गेली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. वेळ आली की डॉक्टरांची दोन मंडळं तपासून ठरवतात, म्हणजे ताईच्या एकटीच्या शब्दावर काही थांबणार नाही. संसदेनं यावर कायदा करायला हवा होता, तो केलेला नाही. आणि गरिबाच्या घरी तर हा निर्णय बिलच घेतं: पैसे संपले की "स्वतःच्या जबाबदारीवर घरी नेतो" म्हणून सही करायची. त्याला कोणी इच्छा विचारत नाही, याची मला फार चीड येते.

मी लिहिलंय ते इतकंच. बरी होण्याची आशा नसेल तर व्हेंटिलेटर नको, नाकातली नळी नको. वेदनेचं औषध द्या, तोंड कोरडं पडू देऊ नका, हात बांधू नका. ताईचा फोन आला की तू ये. विमान मिळालं नाही तर फोनवर तिच्या बाजूनं उभा राहा. "अजून एक आठवडा बघू" असं तिला म्हणू नकोस.

गुरुवारी नोटरीकडे जायचंय. एक प्रत महापालिकेकडे जाईल, एक आपल्या डॉक्टरांकडे, एक तुला पाठवते.

आणि ताईला फोन कर. पहिलं नाव मिळालं म्हणून ती खूश आहे असं समजू नकोस. काल रात्री माझ्याकडे भांडी विसळताना रडत होती, म्हणाली, अमेयचं घाल ना गं.

तुझी,
आई