मतदानाचा हिशेब केंद्राच्या दारावर लावा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मतदानयंत्रांविषयी आपल्या दैनिकात गेले काही दिवस येणारी पत्रे मी नेमाने वाचते आहे. कोणी लिहितात, यंत्र बाहेरून फिरवता येते. कोणी लिहितात, हरलेल्यांना यंत्र आठवते. या सगळ्या पत्रांत एका कागदाचा उल्लेख मात्र मला कुठेच दिसला नाही, तो म्हणजे नमुना १७-सी, केंद्रावर पडलेल्या मतांचा हिशेब. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत असताना लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुकांत मी केंद्राध्यक्ष म्हणून काम केले आणि हा नमुना दरवेळी माझ्या हाताने भरून त्यावर सही केली. तो मतदानाच्या संध्याकाळीच लोकांना दिसला पाहिजे, एवढे एकच मागणे मांडण्यासाठी हे पत्र.

आधी सकाळचे सांगते. मतदान सात वाजता सुरू व्हायचे असेल, तर साडेपाचला अभिरूप मतदान, म्हणजे आमच्या बोलीतला मॉकपोल, सुरू करायचा असतो. आदल्या दिवशी साहित्य घेऊन आलेले पथक शाळेतच मुक्काम करते, त्यामुळे आम्ही वेळेवर असतोच. प्रश्न असतो तो उमेदवारांच्या प्रतिनिधींचा. कोणीच आले नाही तर पंधरा मिनिटे थांबून पुढे जावे, असा आदेश आहे. बॅलट युनिटची, म्हणजे मतदार बटण दाबतो त्या भागाची, केबल व्हीव्हीपॅटला, म्हणजे मताची चिठ्ठी छापून दाखवणाऱ्या यंत्राला, व्हीव्हीपॅटची कंट्रोल युनिटला, म्हणजे मते साठवणाऱ्या भागाला, आणि व्हीव्हीपॅटच्या मागची कळ आडवी असेल तर उभी करायची. ती आडवी असते प्रवासासाठी. ही एक कळ विसरली की सकाळी सकाळी यंत्र अडते आणि 'मशीन बंद पडली' अशी बातमी गावभर होते.

मग किमान पन्नास मते टाकायची, प्रत्येक उमेदवाराला आणि 'नोटा'लाही. कोणी कोणते बटण दाबले याची नोंद ठेवायची. नंतर कंट्रोल युनिटवर आधी मतदान बंद करणारे क्लोज, मग निकाल दाखवणारे रिझल्ट, मग मते पुसणारे क्लिअर, ही बटणे दाबायची. यंत्रातला निकाल आणि व्हीव्हीपॅटच्या पेटीतल्या चिठ्ठ्या प्रतिनिधींसमोर मोजून जुळवायच्या. त्या चिठ्ठ्यांच्या मागे मॉकपोलचा शिक्का मारून त्या काळ्या पाकिटात घालायच्या, पाकीट मोहोरबंद करायचे. पेटी रिकामी झाली हे उघडून दाखवायचे. टोटलचे बटण दाबून शून्य दाखवायचे. एवढे झाल्यावर कंट्रोल युनिटच्या निकालाच्या कप्प्यात हिरवी कागदी मोहोर बसवायची. तिच्या पांढऱ्या बाजूवर मी सही करायची, प्रतिनिधींची इच्छा असेल तर त्यांनी करायची, आणि तिचा अनुक्रमांक त्यांना टिपून घ्यायला सांगायचे. हा आकडा कोणी टिपून घेतो का, हे मी दरवेळी बघायचे. मोठ्या पक्षांची मुले सही करून चहाला जायची. एका केंद्रावर एका अपक्षाच्या वतीने एक आजोबा बसले होते. त्यांनी खिशातली डायरी काढून आकडा लिहिला, चष्मा पुसून पुन्हा पडताळला आणि संध्याकाळी मोहोरेवरचा आकडा त्याच डायरीशी लावून पाहिला. नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर असाच प्रतिनिधी असणार.

आता संध्याकाळचे. सहा वाजता रांगेत जे उभे असतील त्यांना सह्या केलेल्या चिठ्ठ्या द्यायच्या, आणि त्या रांगेच्या शेवटापासून, म्हणजे मागून कोणी घुसणार नाही. शेवटचा मतदार गेला की क्लोज दाबायचे. त्यानंतर यंत्र एकही मत घेत नाही. मग १७-सी भरायला घ्यायचा. केंद्राला नेमून दिलेले मतदार किती, १७-ए या नोंदवहीत किती जणांच्या सह्या किंवा अंगठे आहेत, नोंद करूनही मत न देता गेलेले किती, गुप्तता मोडल्यामुळे ज्यांना मतदान करू दिले नाही ते किती, चिठ्ठी चुकीची आली अशा तक्रारीवरून घेतलेली चाचणी मते किती, यंत्रात एकूण मते किती. नोंदवही आणि यंत्र यांचा मेळ बसतो की नाही, हेही तिथेच लिहायचे. वापरलेल्या आणि परत दिलेल्या मोहोरांचे क्रमांक लिहून खाली केंद्राध्यक्षाची सही.

निवडणूक संचालन नियम, १९६१ मधला नियम ४९-एस सांगतो, की मतदान संपताना हजर असलेल्या प्रत्येक प्रतिनिधीला या नमुन्याची खरी प्रत पोच घेऊन द्यावी. नियम चांगला आहे, पण तो प्रतिनिधीपाशीच थांबतो. ज्या उमेदवाराचा माणूस केंद्रावर नाही, त्याला प्रत नाही. अपक्षाला सगळ्या केंद्रांवर माणूस बसवणे परवडत नाही. पक्षांचे प्रतिनिधीही पाच वाजले की पांगू लागतात, मी त्यांना हाक मारून थांबवून प्रती दिलेल्या आहेत. आणि ज्या मतदाराने दोन तास उन्हात उभे राहून मत दिले, त्याला तर त्या केंद्रावर किती मते पडली हे विचारायचीही सोय नाही.

याचा परिणाम आपण पाहिला. २० नोव्हेंबर २०२४ रोजी महाराष्ट्रात विधानसभेचे मतदान झाले. संध्याकाळी पाचचा आकडा ५८.२२ टक्के होता, अंतिम आकडा ६६.०५ टक्के जाहीर झाला. मधली मते कुठून आली, यावर अजूनही वाद चालू आहे. पाचचा आकडा तेव्हा कसा तयार व्हायचा हे मला ठाऊक आहे. दर दोन तासांनी क्षेत्रीय अधिकाऱ्याचा फोन यायचा, आपण रांग सांभाळत अंदाजे जुळवलेला आकडा सांगायचो, तो वर जायचा. पाचनंतर तासभर मतदान चालते, आणि त्यापुढे रांगेतल्यांचे. त्यामुळे फरक पडणारच, तो पडला म्हणून लगेच घोटाळा म्हणता येणार नाही. पण माझ्या या सांगण्यावर लोकांनी विश्वास का ठेवावा? राज्यातल्या प्रत्येक केंद्राच्या दारावर त्याच रात्री १७-सी लागला असता, तर कोणाला माझ्या शब्दाची गरजच उरली नसती. ज्याला शंका आहे त्याने आपल्या तालुक्यातल्या केंद्रांची बेरीज करून पाहिली असती.

निवडणूक आयोगाने २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी सर्वोच्च न्यायालयात सांगितले, की हा नमुना प्रतिनिधींखेरीज कोणाला देण्याची कायद्यात तरतूद नाही आणि तो संकेतस्थळावर टाकला तर त्याच्या छायाचित्रांत फेरफार करून गोंधळ माजवता येईल. निवडणूक मध्यावर असताना हस्तक्षेप करायला न्यायालयाने त्या मे महिन्यात नकार दिला. तरतूद नाही हे खरे आहे, म्हणूनच ती करा असे मी म्हणते. दुसरा मुद्दा मला पटत नाही. खोटे छायाचित्र फिरते ते खरा कागद कोणी पाहिलेला नसतो तेव्हा. गावातल्या पन्नास जणांनी दारावरचा कागद वाचला असेल आणि दहा जणांनी त्याचा फोटो काढला असेल, तर बनावट आकडा त्या गावात टिकणार नाही.

गुप्ततेचा प्रश्न येत नाही. १७-सीच्या पहिल्या भागात कोणाला किती मते पडली हे नसतेच, ते यंत्रात बंद असते आणि मतमोजणीच्या दिवशी दुसऱ्या भागात लिहिले जाते. पुढे नमुना २० मध्ये प्रत्येक केंद्राचा उमेदवारनिहाय निकाल जाहीर होतोच. म्हणजे मतदानाच्या रात्रीचा आकडा आणि नमुना २० मधली त्या केंद्राची बेरीज, ही दोन टोके कोणताही नागरिक जुळवून पाहू शकेल. आज त्याला दुसरे टोक मिळते, पहिले मिळत नाही.

हा मेळ किती महत्त्वाचा आहे, हे आयोगाच्याच सूचनांवरून दिसते. केंद्राध्यक्ष मॉकपोलनंतर क्लिअर करायला विसरला, किंवा यंत्रातली बेरीज १७-सीशी जुळली नाही, तर ते यंत्र मतमोजणीत बाजूला ठेवतात. जिंकणारा आणि दुसरा यांच्यातले अंतर अशा यंत्रांतल्या एकूण मतांपेक्षा जास्त असेल तर ती मोजावी लागत नाहीत, नाहीतर व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजाव्या लागतात. ही चूक पकडायला टेबलासमोर बसलेल्या मोजणी प्रतिनिधीच्या हातात १७-सीची प्रत हवी. ती नसेल तर तो नुसता आकडे ऐकत बसतो.

यंत्राच्या पोटात काय आहे याची ग्वाही मी देणार नाही, तो माझा विषय नाही. व्हीव्हीपॅटमध्ये उमेदवारांची चिन्हे भरण्यासाठी वापरलेली युनिट निकालानंतर ४५ दिवस मोहोरबंद ठेवाव्यात आणि दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराने मागितल्यास पाच टक्के यंत्रांची तपासणी व्हावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ रोजी दिला, तो योग्यच आहे. माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीने डिसेंबर २०२४ मध्ये मतपत्रिकेवर आपापसांत पुन्हा मतदान घ्यायचे ठरवले आणि प्रशासनाने ते होऊ दिले नाही. त्या गावाची शंका कोणाला किती मते पडली याची होती, १७-सी तिचे उत्तर देत नाही. पण किती मते पडली यावर तरी शंका राहू नये, आणि हे करायला नवे यंत्र लागत नाही की कोट्यवधींचा खर्च येत नाही.

केंद्राच्या बाहेर उमेदवारांची यादी आणि केंद्राच्या हद्दीची सूचना आम्ही सकाळी लावतोच. त्याच जागेवर रात्री १७-सीची एक प्रत प्लास्टिकच्या पाकिटात लावायची, एवढेच. काही सहकारी म्हणतील, त्या वेळी हात चालत नाहीत. खरे आहे. दोन दिवस धड झोप नाही, बाहेर बस हॉर्न वाजवते, साहित्य जमा करायच्या रांगेत आपला नंबर मागे पडेल याची धास्ती. म्हणून मोठ्या अक्षरांतला छापील नमुना आणि वाढीव प्रती साहित्याच्या पिशवीतच द्याव्यात आणि प्रशिक्षणात तो प्रत्येकाकडून एकदा पूर्ण भरून घ्यावा. सभागृहात शेकडो शिक्षक आणि व्यासपीठावर लांब कुठेतरी एक यंत्र, अशा प्रशिक्षणातून १७-सी भरता येत नाही, हे मी अनुभवाने सांगते.

नियम बदलायला वेळ लागतो, हे उत्तर कृपया कोणी देऊ नये. केंद्रावरच्या चित्रीकरणासारख्या इलेक्ट्रॉनिक नोंदी लोकांना पाहू देण्यावर मर्यादा आणणारी याच नियमावलीतल्या नियम ९३ मधली दुरुस्ती २० डिसेंबर २०२४ रोजी निघालीच. आयोगाच्या शिफारशीवरून केंद्र सरकारला ४९-एसमध्येही एक वाक्य वाढवता येईल: प्रतिनिधींना दिलेल्या प्रतीबरोबरच एक प्रत केंद्राच्या दर्शनी भागी लावावी आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने ती दुसऱ्या दिवशी संकेतस्थळावर ठेवावी.

तोवर पक्षांनी एक करावे. आपल्या प्रतिनिधींना पहाटे साडेपाचला पाठवा, आणि १७-सीची प्रत हातात पडल्याशिवाय केंद्र सोडू नका असे त्यांना लेखी कळवा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, ता. पाटण, जि. सातारा