‘दुपारी घरातच थांबा’, पण घर किती तापलंय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

होळी आटोपली की नागपुरात आमचा धंदा सुरू होतो. मी कूलरचा मिस्त्री आहे. मोटर बांधणं, पंप बदलणं, कूलरच्या जाळीत वूडवूल (लाकडाचा भुसा-गवत) नाहीतर वाळा भरून देणं, गंजलेल्या टाकीला डांबर मारणं, ही माझी कामं. महाल, इतवारी, पाचपावली, पारडी, वाठोडा हा माझा रोजचा फेरा. कधी धरमपेठेतूनही बोलावणं येतं. या धंद्यात लोकांच्या घरात अगदी आतल्या खोलीपर्यंत जावं लागतं, आणि तेही भर उन्हात, कारण कूलर बंद पडल्याचं माणसाला दुपारीच कळतं. त्यामुळे कोणत्या घरात किती तापतं याचा अंदाज आम्हाला आपोआप येतो. त्याबद्दलच लिहितो आहे.

दर एप्रिलमध्ये आपल्या आणि इतर सगळ्याच पेपरांत एक चौकट येते. दुपारी १२ ते ४ बाहेर पडू नका, सैल सुती कपडे घाला, ताक-पन्हं घ्या, डोक्याला दुपट्टा बांधा. यात खोटं काही नाही. पण ही चौकट लिहिणाऱ्याचं घर पक्कं असावं, वर आणखी एक मजला असावा आणि खिडकीला कूलर असावा, असं मला नेहमी वाटतं. कारण ज्या घरावर पत्रा आहे त्या घरात दुपारी तीन वाजता बसून राहणं हाच धोका आहे. वस्तीतली साधारण दहा बाय बाराची खोली धरा. दोन्ही बाजूंना शेजाऱ्याच्या भिंती चिकटलेल्या, मागे नाली, समोर दार. स्वयंपाकाची शेगडी त्याच खोलीत. पत्रा हाताला लागेल इतका खाली. अशा घरातल्या एका बाईंनी मला जुना कूलर विकत आणू का म्हणून विचारलं, आणि स्वतःच म्हणाल्या, “पण भाऊ, खिडकीच नाही तं कूलर लावू कुठी?” मला उत्तर देता आलं नाही. कूलरला बाहेरची कोरडी हवा मागून लागते आणि आतली ओली हवा निघून जायला दुसरीकडून वाट लागते. दोन्ही नसेल तर कूलर नुसतं दमट करतो, आणि दमट खोलीत घाम वाळत नाही.

मग उरतो पंखा. पंख्याचं लोकांना ठाऊक नसतं. हवा ४० अंशांच्या वर गेली की नुसता पंखा गारवा देत नाही, गरम हवा अंगावर फेकतो. भात्यासमोर बसल्यासारखं होतं ते. जागतिक आरोग्य संघटनाही ४० अंशांच्या वर पंख्यावर विसंबू नका असंच सांगते. अंग, कपडे ओले करून पंख्याखाली बसलं तर तेवढ्यापुरता फरक पडतो. म्हाताऱ्या माणसाला घाम कमी येतो, त्याला पंख्याचा उपयोग आणखी कमी.

यात फक्त गरीबच भरडतात असंही नाही. फ्लॅट स्कीममधल्या सगळ्यात वरच्या मजल्यावर, स्वतःच्या मालकीच्या घरात, मुलं पुण्याला नाहीतर बंगळूरला, आणि इथे दोघंच म्हातारे, अशी घरं मला दर आठवड्याला भेटतात. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि दिवेलागणीनंतर ते खोलीत सोडायला लागतो. बाहेर जरा वारं सुटलेलं असतं तेव्हा आत भिंतीला हात लावला तर ती गरम लागते. आजोबा वीजबिलाच्या भीतीनं रात्री अकराला कूलर बंद करतात, नाहीतर टाकीतलं पाणी मध्यरात्री संपतं आणि उठून भरायला अंगात त्राण नसतं. गच्चीवर चुन्याचे दोन हात मारले तरी खालची खोली चांगलीच उतरते, हे मी गिऱ्हाइकांना सांगत असतो. सोसायटीत मात्र ‘गच्ची सगळ्यांची, चुन्याचा खर्च वरच्या मजल्याचा’ असा वाद वर्षानुवर्षं चालतो आणि चुना काही लागत नाही.

आता आपल्याकडे, म्हणजे वर्तमानपत्राकडे येतो. आपण पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत छापता ते दिवसाचं कमाल तापमान. २३ मे २०१३ चे ४७.९ अंश नागपूरकरांना तोंडपाठ आहेत. मे २०२४ मध्ये शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले तेव्हा दिवसभर सगळ्यांच्या मोबाइलवर तेच फिरत होतं. पुढे हवामान खात्याने यंत्रातला बिघाड असल्याचं सांगितलं, ते किती जणांनी वाचलं कोण जाणे. पण त्याच आठवड्यातलं रात्रीचं किमान तापमान कोणाला आठवतं? ते आतल्या पानावर बारीक टायपात असतं. शरीर मात्र दिवसाची भरपाई रात्री करतं. रात्र गार झाली नाही तर माणूस दुसऱ्या दिवसाच्या उन्हाला आधीच थकलेला सामोरा जातो. तीन-चार रात्री अशा गेल्या की माझ्या गिऱ्हाइकांच्या घरात कोणी ना कोणी सलाइनवर असतं. हवामान खात्याकडे ‘उष्ण रात्र’ असं मोजमाप आहेच. दिवसाचं तापमान ४० किंवा त्याहून जास्त आणि रात्रीचं नेहमीपेक्षा ४.५ अंश किंवा अधिक वर, म्हणजे उष्ण रात्र. शिवाय आपलं नागपूरचं तापमान मोजलं जातं सोनेगावला, विमानतळाच्या मोकळ्या मैदानात. महालातल्या बोळात, जिथे दोन्ही बाजूंनी एसीचे डबे गल्लीत गरम हवा ओकत असतात, तिथली रात्र त्याहून गरम असणार हे सांगायला शास्त्रज्ञ नको.

माझी पहिली विनंती म्हणून इतकीच: किमान तापमान कमाल तापमानाच्या शेजारी, तेवढ्याच अक्षरांत छापा. आणि उष्ण रात्रीचा इशारा असेल तर तो पहिल्या पानावर येऊ द्या.

जूनचंही लिहायला हवं. नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) संपला, ढग आले, पारा ३९-४० वर उतरला की लोक सुटकेचा श्वास टाकतात. आमच्याकडे मात्र तेव्हाच फोन वाढतात: “मिस्त्री, कूलर गार हवा देत नाही.” कूलर ठणठणीत असतो, हवा ओली झालेली असते. पाणी उडतच नाही तर गारवा कुठून येणार? अंगावरच्या घामाचंही तेच होतं. एप्रिल २०२३ मध्ये खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यानंतर १४ माणसं उष्माघाताने गेली. तिथला त्या दिवसाचा पारा आम्हा विदर्भवाल्यांना किरकोळ वाटला होता. पण ती समुद्राकाठची दमट हवा होती आणि माणसं तासन्‌तास उघड्यावर बसलेली होती. हवामान खातं मैदानी भागात ४० अंशांपासून उष्णतेच्या लाटेचा विचार करतं आणि किनारपट्टीला ३७ पासूनच, ते उगीच नाही.

विषय कूलरचा निघालाच आहे तर धंद्यातली एक गोष्ट सांगणं माझं कर्तव्य आहे. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात. त्यात लहान मुलंही असतात. लोखंडी बॉडी, ओली फरशी, अर्थिंग नसलेला बोर्ड आणि चालू कूलरमध्ये बादलीनं पाणी ओतणारा अनवाणी पोरगा. पाणी भरण्याआधी नुसतं बटण बंद करून भागत नाही, पिन काढा. घरात अर्थिंग नसेल तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा, मग मला. मेनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती पकडणारा स्विच) बसवला तर करंट गळताच लाइन तुटते. नव्या कूलरपेक्षा तो स्वस्त पडतो.

आता मुख्य मागणी. अहमदाबादला मे २०१० मध्ये पारा ४६.८ वर गेला होता. त्या एका महिन्यात तिथे नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले, असं अभ्यासकांनी नंतर मोजून दाखवलं. त्यातून २०१३ मध्ये त्या शहराने उष्माघात रोखण्याचा आराखडा केला. नागपूरनेही २०१६ पासून असा आराखडा घेतला. म्हणजे आराखड्याचा कागद आपल्याकडे आहे. मला हवी आहे एक जागा, जिथे पत्र्याच्या घरातली म्हातारी, बाळंतीण, रात्रपाळी करून आलेला चौकीदार चार वाजता जाऊन बसू शकेल आणि रात्री अकरापर्यंत त्याला कोणी उठवणार नाही. ती जागा नव्यानं बांधायची गरज नाही. महापालिकेच्या शाळा आहेत. विदर्भातल्या उन्हामुळे आपल्याकडच्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीला उघडतात. म्हणजे अख्खा मे आणि बहुतेक जून या इमारती रिकाम्या असतात. जाड भिंती, दोन्ही बाजूंना खिडक्या, व्हरांडा, पाण्याची टाकी, संडास, पंखे, सगळं तयार. तळमजल्यावरचे दोन वर्ग उघडायचे. एकात बायका-मुलं, दुसऱ्यात पुरुष. समोरासमोर खिडक्या असल्यामुळे कूलर अशा वर्गात जितका चांगला चालतो तितका बंगल्यातही चालत नाही. मोठा डेझर्ट कूलर दोनशे वॉटच्या आसपास घेतो. दीड टनाच्या एका एसीच्या विजेत असे सहा-सात चालतात.

तिथे एक माणूस असा हवा ज्याला ऊन लागलेला माणूस ओळखता येईल. बडबडायला लागलेला, प्रश्नाला भलतंच उत्तर देणारा, अंग भट्टीसारखं पण घाम थांबलेला. त्याला सावलीत आडवं करून अंगभर पाणी मारायचं, ओल्या चादरीवर वारा घालायचा, काखेत आणि जांघेत बर्फ ठेवायचा आणि १०८ ला फोन करायचा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. खिशात कांदा ठेवायला माझी ना नाही, मीही ठेवतो, पण कांद्याच्या भरवशावर दवाखाना टाळू नये. वस्तीतल्या आशाताई हे काम उत्तम करतील, फक्त त्यांना त्याचे वेगळे पैसे मिळाले पाहिजेत. फुकटात आणखी एक काम त्यांच्या गळ्यात घालू नका.

माझ्या ओळखीतल्या काही मिस्त्र्यांशी मी बोललो आहे. शाळेत कूलर बसवून देण्याची मजुरी आम्ही घेणार नाही. जुन्या, भंगारात निघालेल्या कूलरच्या मोटरी बांधून देऊ. वीजबिल, टाकी भरायला टँकर आणि रात्री कुलूप लावायला चौकीदार, या तीन गोष्टी महापालिकेने बघाव्यात. एका झोनमध्ये एक शाळा घेऊन मे महिन्यात सुरुवात केली तरी चालेल. कोणत्या वस्तीतली शाळा आधी घ्यावी ते विचारलं तर पत्र्याच्या घरांच्या गल्ल्या आम्ही नावानिशी सांगू.

— एक कूलर मिस्त्री, महाल, नागपूर