कलमाखालची फूट ओळखणाऱ्या शेजारकाकांस

काका,

सा. न. वि. वि.

तुम्हाला मराठी वाचता येत नाही, हे माहीत आहे. पण इंग्रजीत आभार मानले की तुम्ही हात झटकून गवत कापायला निघून जाता. निदान इंग्लंडातल्या या रेडिंगमधल्या आमच्या मराठी मंडळींना तरी कळू दे.

यंदाच्या मे महिन्यात आमचं हॉथॉर्न, म्हणजे ते काटेरी फुलझाड, पहिल्यांदा अंगभर फुललं. दुहेरी पाकळ्यांची गडद लाल फुलं, रस्त्यावरून जाणारे थांबून बघतात. ही 'पॉल्स स्कार्लेट' जात 1858 साली हर्टफर्डशायरमधल्या एका बागेत गुलाबी फुलांच्या झाडावर अचानक आलेल्या लाल फांदीपासून निघाली, हे तुम्हीच सांगितलंत. खड्डा खणताना. मी शेणखताची अख्खी गोणी ओतणार होते, ती तुम्ही बाजूला सरकवलीत. नोव्हेंबर होता, रोप बिनमातीचं, उघड्या मुळांचं. बुंध्यावरचा जुन्या मातीचा डाग बोटाने दाखवून म्हणालात, इथवरच मातीत, याहून खोल नाही.

पण आभार खरे मानायचेत ते दुसऱ्या उन्हाळ्याचे. बुंध्यातून एक फांदी सरळसोट वर निघाली होती. मी खूश! तुम्ही मात्र तिचं एक पान तोडलंत, वरच्या फांदीचं एक तोडलंत आणि दोन्ही माझ्या तळहातावर ठेवलीत. वरचं गोलसर, कडेला जेमतेम कातरलेलं. खालचं खोलवर चिरलेलं. म्हणजे ती कलमाच्या सांध्याखालून, रानटी हॉथॉर्नच्या खुंटाला आलेली फूट. ठेवली असती तर तिनेच सगळं झाड खाल्लं असतं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी रत्नागिरीची हो! हापूसच्या कलमाखाली रायवळाची फूट दिसली की आमचे बाबा जेवणावरून उठून ती काढायला जायचे. तेच माझ्या अंगणात घडत होतं आणि मी त्याला प्रेमाने पाणी घालत होते. तुम्ही ती कात्रीने न कापता खाली ओढून मुळासकट उपटलीत, कापली तर पुन्हा फुटते म्हणून. बाबाही तेच म्हणायचे.

आणि हो, गल्लीतल्या कुंपणाच्या रानटी हॉथॉर्नची पांढरी फुलं मी घरात नेताना तुम्ही दारातच अडवलंत, अपशकुन म्हणून. मी हसले, चोरून एक तुरा फुलदाणीत लावला. संध्याकाळपर्यंत स्वयंपाकघरात शिळ्या मासळीचा वास. नंतर कळलं, त्या फुलांत आणि शिळ्या मासळीत ट्रायमिथिलअमाइन नावाचं एकच द्रव्य असतं. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, मोठ्यांचं ऐकावं.

तुमचा डाव्या हाताचा हातमोजा आमच्या शेडमध्येच राहिलाय. अंगठ्यात काटा अजून तसाच रुतलेला आहे. शनिवारी आणून देते.

तुमची शेजारीण