काढा जरूर घ्या, पण आधी रक्त तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत थंडी वाजून येणाऱ्या तापावर किराईताचा काढा सुचवला आहे. किराईताशी माझे वैर नाही. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी पावसाळा लागला की आई रात्री काड्या भिजत घालायची आणि तो कडूजहर पेला संपल्याशिवाय सकाळचा चहा मिळत नसे. पण तीस वर्षे मी प्रयोगशाळेत रक्ताच्या काचपट्ट्या पाहिल्या आहेत. म्हणून त्या लेखातल्या 'हमखास गुण येतो' या तीन शब्दांबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही.

दोन वर्षांपूर्वी माझा धाकटा भाऊ गडचिरोलीतल्या कामावरून परतला. दुपारी तीनच्या सुमारास त्याला अशी हुडहुडी भरली की दोन ब्लँकेटं आणि वर आईची गोधडी घालूनही खाट करकरत होती. मग अंग फणफणले, मग बनियन पिळावे इतका घाम. आईने किराईत उकळले. दुसऱ्या दिवशी तो उठून बसला, वरणभात जेवला. "पाह्य, उतरला न ताप!" आई फोनवर म्हणाली. तिसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच, पुन्हा काढा, चौथ्या दिवशी पुन्हा आराम. सातव्या दिवशी मी जाऊन त्याचे बोट टोचले. मायक्रोस्कोपखाली तांबड्या पेशींत निळसर कडीच्या, लाल ठिपक्याच्या अंगठ्या दिसल्या. व्हायवॅक्स मलेरिया.

या मलेरियाचे परजीवी साधारण दर 48 तासांनी तांबड्या पेशी फोडून बाहेर पडतात आणि थंडी भरते ती तेव्हाच. मधला दिवस काहीही न घेता बरा जातो. आपल्या जुन्या वैद्यांना हे पक्के ठाऊक होते, चरकसंहितेत तृतीयक (तिसऱ्या दिवशी येणारा) आणि चतुर्थक (चौथ्या दिवशी येणारा) ज्वर वेगळे सांगितलेले आहेत. त्या मधल्या दिवसाचे श्रेय आमच्या घरात काढ्याला मिळत होते. एकाच आजाराच्या दोन गटांना दोन वेगळी औषधे देऊन कोण किती बरे झाले हे मोजल्याशिवाय गुण कशाचा, ते कळत नाही.

आणि तसे मोजलेही गेले आहे. कोरोनाच्या काळात घरोघरी पोचलेली आयुष-64 ही गोळी मुळात मलेरियासाठी तयार झाली. तिच्यात किराईत, कुटकी, सातवीण आणि सागरगोटा आहे. 2000 साली 'करंट सायन्स' या विज्ञानपत्रिकेत तिची क्लोरोक्विन या मलेरियावरच्या औषधाशी तुलना प्रसिद्ध झाली. अठ्ठाविसाव्या दिवशी क्लोरोक्विन घेतलेले सगळे रुग्ण बरे होते, आयुष-64 घेतलेल्यांपैकी जेमतेम निम्मे. निम्मे म्हणजे शून्य नव्हे, वनस्पतीत काहीतरी आहे हे मी मानते. पण उरलेल्या निम्म्यांच्या रक्तात परजीवी राहिले, त्यांचे काय?

शिवाय बाजारात किराईत म्हणून मिळते ते कोणते? खरे काडेकिराईत हिमालयातले. त्याच्या नावाखाली पुष्कळदा भुईनिंब विकला जातो, ही वनस्पतीच वेगळी. सर्दी-खोकल्यात भुईनिंबाचा उपयोग होतो असे 33 चाचण्यांच्या 2017 मधल्या आढाव्यात दिसले, पण त्यातल्या बहुतेक चाचण्या कच्च्या होत्या. सर्दीतला हा पुरावा मलेरियाला लावता येत नाही.

वनौषधीतून मलेरियाचे औषध निघतेच. चीनच्या तू यूयू यांना 2015 चे नोबेल त्यासाठीच मिळाले. जुन्या चिनी ग्रंथात त्या औषधाची वनस्पती पाण्यात भिजवून पिळायला सांगितली होती, उकळायला नव्हे. त्यावरून उष्णतेने गुण जात असावा हे त्यांनी ताडले आणि कमी तापमानात अर्क काढला. आपण मात्र काढा अर्धा आटेपर्यंत उकळतो. किराईताचेही असे बारकाईने काम नागपुरात व्हावे, त्याला लागणारी महाविद्यालये आणि वैद्य इथे आहेत.

भाऊ तीन दिवस क्लोरोक्विन आणि चौदा दिवस प्रायमाक्विन घेऊन बरा झाला. गडचिरोलीत फॅल्सिपेरम हा मलेरियाचा दुसरा प्रकारही आहे. तो मेंदूपर्यंत जातो, आणि तो असता तर आम्हाला सात दिवस मिळालेच असते असे नाही.

म्हणून विनंती एवढीच, की पुढच्या पुरवणीत त्याच जागी, तेवढ्याच ठळक अक्षरांत छापावे: थंडी वाजून ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासून घ्या, सरकारी दवाखान्यात मलेरियाची तपासणी मोफत होते.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ
महाल, नागपूर