आशाताई, तुम्ही उंबऱ्यावर विचारलंत म्हणून

आदरणीय आशाताई,
सप्रेम नमस्कार.

गावच्या ‘आशा’ आरोग्य स्वयंसेविका म्हणून तुम्हाला आशाताई म्हणतोय; तुमचं खरं नाव आणि तुमच्या पन्हाळा तालुक्यातल्या गावाचं नाव इथे मुद्दामच लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही आमच्याकडे पाठवलेल्या बायका कोण, हे गावात लगेच ओळखलं जाईल. आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत. कोल्हापुरात ओपीडीत बसून आम्हाला जे साधत नाही, ते तुम्ही लोकांच्या उंबऱ्यावर साधता.

बाई आमच्याकडे येते ती कंबर दुखते म्हणून, नाहीतर थकवा येतो म्हणून. लघवीचं आपणहून बोलत नाही. गडचिरोलीच्या दोन गावांत डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली होती. तो अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा किंवा लैंगिक आजार निघाला, आणि त्याआधी कधी आतून तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. इतकं दुखणं मुकाट अंगावर काढलं जातं, आणि तुम्ही नेमकं तिथेच हात घालता.

तुम्ही “काही त्रास आहे का” असं मोघम विचारत नाही. “खोकला आला, शिंक आली, घागर उचलली की लघवी होते का? खाली काही उतरल्यासारखं, जड वाटतं का? एकदम लागली तर मोरीपर्यंत पोचेस्तोवर थांबते का?” असं विचारता, तेही सासूबाई आत गेल्यावर. पहिल्याला ‘हो’ आलं तर मूत्रमार्गाचा आधार सैल झालाय. दुसऱ्याला ‘हो’ म्हणजे मूत्राशय, गर्भपिशवी किंवा गुदाशय योनीत उतरू लागलंय. तिसऱ्याला ‘हो’ म्हणजे मूत्राशय भरण्याआधीच आवळतंय. तिन्हींचे उपाय वेगळे. आणि जिची लघवी रात्रंदिवस, झोपेतसुद्धा ठिबकत होती, तिला तुम्ही व्यायाम सांगत बसला नाहीत, थेट कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात पाठवलंत. अडलेल्या बाळंतपणानंतर किंवा ऑपरेशननंतर असं झालं तर फिस्टुलाची, म्हणजे मूत्राशय आणि योनी यांमध्ये भोक पडल्याची, शंका घ्यायची असते, आणि ते भोक व्यायामाने बुजत नाही.

नव्या बाळासाठी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी तुम्हाला घरी जावं लागतं. त्या फेऱ्यांत तुम्ही बाळाचं वजन घेता आणि आईलाही हे प्रश्न विचारता, त्याबद्दल तर किती आभार मानावेत!

आता व्यायामाबद्दल. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू पुढे ओटीपोटाखालच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत पलंगाच्या नवारीसारखे ताणलेले असतात. हे तुम्ही गोधडीवर बसून बायकांना हाताने दाखवता. अमेरिकन डॉक्टर अरनॉल्ड केगेल यांनी १९४८ साली या स्नायूंच्या व्यायामावर लिहिलं, तेव्हापासून त्यांचंच नाव या व्यायामाला चिकटलं. पण नाव माहीत असलेल्या कितीतरी जणी तो चुकीचा करतात. वर ओढण्याऐवजी खाली जोर देतात, आणि अंग उतरत असेल तर त्या जोराने आणखी उतरतं. म्हणून तुम्ही लावलेली शिस्त आम्हाला मोलाची वाटते: आधी लघवी करून यायचं, उताणं झोपून गुडघे दुमडायचे, वारा आणि लघवी दोन्ही अडवायची असल्यासारखं आत आणि वर ओढायचं. पोट, मांड्या, ढुंगण सैल. श्वास चालू. बाई मोठ्याने आकडे मोजत असली की श्वास रोखला जात नाही, ही युक्ती आम्हीही उचलली आहे. तीन सेकंदांपासून सुरुवात, हळूहळू दहापर्यंत. जितका वेळ आवळलं तितकाच वेळ सोडायचं. असं आठ ते दहा वेळा, मग तेवढेच झटपट झटके. दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून सोडणाऱ्या पुष्कळ असतात. त्यांच्या दारात तुम्ही पुन्हा जाता.

बरोबर जमतंय का हे पाहायला हातातला आरसा पुरतो. आवळल्यावर योनी आणि गुदद्वार यांमधली जागा आत, वर सरकली पाहिजे. ती बाहेर फुगली तर जोर उलटा लागतोय. चालू लघवी मध्येच अडवून रोज सराव करायचा, हा सल्ला तुम्ही गावात मोडून काढलात, बरं केलंत. त्याने मूत्राशय नीट रिकामं न होण्याची सवय लागते.

वैरणीचा भारा उचलायच्या आधी, शिंक यायच्या आधी क्षणभर आवळून घ्यायचं, भारा अंगाजवळ धरून श्वास सोडत उठायचं, आणि एका मोठ्या भाऱ्याचे दोन करायचे. हेही तुम्ही शेतातच शिकवलंत. ऊसतोडीच्या दिवसांत दोन भारे करणं मजुरीच्या हिशेबात बसत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. तिथे निदान बाळंतिणीला पहिले सहा आठवडे मोळी उचलू देऊ नका, असं नवऱ्याला सांगणारं कुणीतरी लागतं. ते तुम्ही सांगितलंत.

पाण्याचा मुद्दा त्याहून अवघड. एसटीने बाजाराला जायचं, नवरात्रात अंबाबाईच्या रांगेत उभं राहायचं, वाटेत संडास मिळेलच असं नाही, म्हणून बाई सकाळपासून पाणीच पीत नाही. मग लघवी घट्ट होऊन मूत्राशयाला टोचते, घाई वाढते, बद्धकोष्ठ होतो आणि कुंथण्याने तळाचे स्नायू आणखी सैल पडतात. दिवसाला दीड ते दोन लिटर, उन्हात त्याहून जास्त, थोडं थोडं प्यायचं, चहा कमी. घाईच्या त्रासात तीन दिवसांची वही ठेवायची: किती वाजता, मापाच्या भांड्यात किती मिली, कधी गळली. वही पाहून दोन वेळांतलं अंतर पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढवायचं, निदान सहा आठवडे. तुम्ही आणलेल्या वह्यांमुळे आमचं काम निम्मं झालं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या मुलींना तुम्ही रेघा मारायला शिकवलंत.

आता पेसरी. पेसरी म्हणजे खाली उतरणारं अंग वर धरून ठेवायला योनीत बसवायची सिलिकॉनची रिंग. बसवल्यावर बाईने चालून, खोकून, उकिडवं बसून आणि लघवी करून दाखवल्याशिवाय तिला घरी सोडू नये. खरा धोका पुढे असतो: बरं वाटतं, आणि बाई रिंग विसरते. विसरलेली रिंग आत जखम करते, क्वचित फिस्टुलाही. स्वतः काढून साबणपाण्याने धुता येत नसेल तर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी हवीच. ती तारीख तुम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून येता. घाण वास, रक्त, दुखणं किंवा लघवी अडणं यांपैकी काही झालं तर तारखेची वाट पाहायची नाही, हेही बजावता.

“पिशवी काढली की सुटलं” हे बायकांना खूप जण सांगतात. पिशवी काढताना योनीचा वरचा भाग नीट टांगून घेतला नाही तर पुढे तोच खाली येतो. मूल हवं असलेल्या तरुण बाईसाठी पिशवी ठेवून आधार देणाऱ्या शस्त्रक्रिया आहेत. त्यांतल्या दोन मुंबईच्या डॉ. शिरोडकर आणि डॉ. पुरंदरे यांच्या नावाने ओळखल्या जातात. तुम्ही दोन घरांत “आधी विचारून तरी या” एवढंच म्हणालात. दोघी आल्या.

एक विनंती. संबंधाच्या वेळी दुखतं, लघवी सुरूच होत नाही, कुंथावं लागतं, असं सांगणाऱ्या बाईला आवळण्याचा व्यायाम देऊ नका. तिचे स्नायू बहुधा आधीच घट्ट असतात. आवळण्याने दुखणं वाढतं. तिला पोटाने सावकाश श्वास घ्यायला सांगा आणि आमच्याकडे पाठवा. पाळी गेल्यावर रक्त दिसलं, लघवीत रक्त आलं, किंवा बसायची जागा बधिर होऊन लघवी-संडासवरचा ताबा एकदम गेला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायला सांगा. रात्र असली तरी.

तुमच्या,
स्त्रीरोग आणि फिजिओथेरपीत काम करणाऱ्या मैत्रिणी,
कोल्हापूर