नॉर्वेतली मक्याची कणसं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीतला नॉर्वेच्या नाताळावरचा लेख वाचला. फोटो सुरेख आहेत, त्याबद्दल आभार. पण ‘नाताळात इथले लोक पक्ष्यांसाठी अंगणात मक्याची कणसं टांगतात’ हे आपल्या लेखकांनी कुठे पाहिलं?

माझी मुलगी हामारला असते. एक अख्खा डिसेंबर मी तिच्याकडे काढला आहे. तिथे बाजारात विकायला येतं ते ‘युलेनेक’, म्हणजे ओटची पेंढी. काडीसकट, वर लाल फीत बांधलेली. ओटला तिकडे ‘हाव्रे’ म्हणतात (नातवाला याचं फार हसू येतं). पेंढी खांबाला बांधली की चिमण्या आणि लाल छातीचे दोम्पाप पक्षी तिच्यावर तुटून पडतात. बर्फात स्टुलावर चढून ती मी स्वतः बांधली आहे आणि त्यासाठी जावयाची बोलणीही खाल्ली आहेत. तेव्हा तिथे मका असता तर मला दिसला असता.

मूळ इंग्रजी मजकुरात ‘कॉर्न’ असणार, दुसरं काय! अमेरिकेत त्याचा अर्थ मका, इंग्लंडात बहुधा गहू, स्कॉटलंडात ओट. ज्या मुलखाचं जे मुख्य धान्य, ते तिथलं कॉर्न. नॉर्वेतलं ‘कोर्न’ म्हणजे नुसतं धान्य. बार्ली, ओट, गहू, राय सगळं त्यात आलं. मक्याला ‘माइस’ हा वेगळा शब्द आहे. जेमतेम ३ टक्के जमीन लागवडीची, त्यात धान्यांमध्ये बार्ली सगळ्यात पुढे. १८०७ नंतर इंग्रजांच्या आरमाराने समुद्र अडवला, डेन्मार्कचं धान्य येईना, तेव्हा या लोकांनी झाडाची साल दळून भाकरीच्या पिठात मिसळली होती. आणि आपण त्यांच्या अंगणात मका टांगून मोकळे!

मी शाळेत इतिहास शिकवत असे. तेव्हा एका गाइडात इंग्लंडचे १८१५चे ‘कॉर्न लॉज’, म्हणजे धान्याच्या आयातीवरचे कायदे, चक्क ‘मक्याचे कायदे’ म्हणून छापले होते. मुलं पेपरात तेच लिहीत, आणि मार्क कापले की पालक गाइड उघडून माझ्यासमोर धरत. छापलंय म्हणजे खरंच असणार, असं त्यांचं म्हणणं. आता वर्तमानपत्रात छापून आल्यावर मी कुणाकुणाशी भांडू? या हिशेबाने पायाच्या कुरुपावर लावायची कॉर्न कॅपसुद्धा मक्याचीच म्हणायची. नॉर्वेत कुरुपाला ‘लिकतोर्न’ म्हणतात, तिथे तरी आपले अनुवादक घसरणार नाहीत अशी आशा आहे.

जाता जाता, त्याच पानावरचं शब्दकोडं जाहिरातींपायी इतकं आक्रसलंय की चौकटीत वेलांटीसुद्धा मावत नाही. दुरुस्ती छापणार असाल तर निदान ती चष्म्याने वाचता येईल एवढ्या अक्षरात छापा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, पुणे