रात्रीच्या फोनचा हिशेब कुठे मांडायचा?

महोदय,

आयटीतल्या नोकऱ्यांविषयी काही छापून आलं की त्यात हिंजवडीची वाहतूक कोंडी असते, हजारोंची भरती किंवा कपात असते, नाहीतर नोकरी सोडून स्टार्टअप काढणारा पंचविशीतला मुलगा असतो. मी यातल्या कशातच बसत नाही. कोथरूडमधल्या साडेतीनशे माणसांच्या एका कंपनीत मी सपोर्ट विभाग सांभाळते. नागरी सहकारी बँका आणि पतसंस्थांचं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो आणि वर्षभर चालवतो. कंपनीचं नाव सांगितलं तर शेजारच्या सोसायटीतही कुणी ओळखणार नाही. पण आपल्या वाचकांपैकी कित्येकांची पासबुकं अशाच कुठल्या तरी मध्यम कंपनीच्या प्रोग्रॅमवर छापली जातात. म्हणून हे पत्र त्यांच्यासाठीही आहे.

आधी कामाविषयी सांगते, कारण मला हे काम मनापासून आवडतं. आटपाडीकडच्या एका शाखेतून संध्याकाळी फोन येतो, "मॅडम, ट्रायलला दोन रुपयांचा फरक पडतोय." ट्रायल, म्हणजे दिवसाच्या नावे-जमेची बेरीज, जुळत नाही तोवर डे-एंड, म्हणजे दिवसाचा हिशेब बंद करणं, होत नाही, आणि डे-एंड होत नाही तोवर अकाउंटंट आणि शाखाधिकारी घरी जाऊ शकत नाहीत. बाहेरच्याला वाटेल, दोन रुपये खिशातून टाका आणि निघा. बँकेत तसं चालत नाही. मग इकडे आम्ही आणि तिकडे ते, दिवसभराची व्हाउचरं एकेक करून तपासत बसतो. त्या दिवशीचा फरक मुदतीआधी मोडलेल्या ठेवींमध्ये निघाला. व्याज एका ठिकाणी पूर्ण रुपयांत घेतलं होतं, दुसऱ्या ठिकाणी पैशांसकट, आणि तीन-चार खात्यांचे पैसे साचून दोन रुपये झाले होते. तो प्रोग्रॅम लिहिणारा मुलगा माझ्यापासून तीन टेबलं सोडून बसतो. त्याला हाक मारली, त्याने त्याच संध्याकाळी दुरुस्ती केली, शाखेचं कुलूप साडेआठला लागलं. मोठ्या कंपनीत हीच तक्रार किती विभागांतून फिरली असती, हे तिथून आमच्याकडे आलेले सहकारी सांगतात.

सांगली, लातूर, बीडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतून आमच्याकडे मुलं येतात. कोड उत्तम लिहितात, पण नावे कशाला म्हणायचं आणि जमा कशाला हे माहीत नसतं. पहिला आठवडा आम्ही त्यांना संगणकाला हात लावू देत नाही, खतावणी शिकवतो. मला स्वतःला हे बँकांमधल्या जुन्या अकाउंटंट मंडळींनी फोनवर शिकवलं. पिग्मी एजंटचं मशीन बंद पडलं की दिवसभर बाजारात फिरून गोळा केलेली रक्कम कशी अडकते, हे कुठल्याही पुस्तकात नसतं. एवढ्या आकाराच्या कंपनीत ग्राहक नावानिशी ओळखीचा असतो, त्याची अडचण आपली वाटते. म्हणूनच आमच्याकडची बरीच माणसं जास्त पगार सोडून इथे टिकली आहेत.

आता तक्रारीकडे येते.

पूर्वी बँक बंद झाली की आमचंही काम आटोपायचं. एनईएफटी, म्हणजे एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवायची सोय, संध्याकाळी सातपर्यंत चालायचं, दुसऱ्या-चौथ्या शनिवारी आणि रविवारी बंद असायचं. 16 डिसेंबर 2019 पासून ते चोवीस तास झालं, म्हणजे दर अर्ध्या तासाला एक अशा दिवसाला 48 फेऱ्या. 14 डिसेंबर 2020 पासून मोठ्या रकमा पाठवायचं आरटीजीएसही चोवीस तास सुरू झालं. यूपीआयच्या व्यवहारांची संख्या तर ऑगस्ट 2025 मध्ये एका महिन्यात 2,000 कोटींच्या पुढे गेली. यात वाईट काहीच नाही. मिरजेच्या हॉस्पिटलमध्ये रात्री दोन वाजता अनामत भरणाऱ्या माणसाचे पैसे खात्यातून गेले आणि हॉस्पिटलला मिळाले नाहीत, तर तेव्हा कुणीतरी फोन उचललाच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात जराही शंका नाही.

तो फोन आम्ही उचलतो. आमच्या विभागातली माणसं आठवड्याच्या पाळीने फोन उशाशी ठेवून झोपतात. त्या आठवड्यात गावी जाता येत नाही, सिनेमाला जाता येत नाही, लग्नातही लॅपटॉपची बॅग खांद्याला असते. फोन आला आणि काम केलं तर त्याची नोंद होते आणि बदली सुट्टी 'जमेल तेव्हा' मिळते, म्हणजे बहुतेक वेळा मिळत नाही. फोन आला नाही तर ती रात्र कुठेच लिहिली जात नाही. आमच्या टाइमशीटमध्ये तिच्यासाठी रकानाच नाही. सकाळी साडेनऊला मात्र जागेवर हजर.

मोठ्या कंपन्यांमध्ये तीन पाळ्यांत शेकडो माणसं असतात, रात्रपाळीचा भत्ता असतो, गाडी असते. अगदी छोट्या कंपनीत मालक आणि त्याचे दोन मित्र असतात, धंदा त्यांचाच असतो आणि रात्रही. आमच्यासारख्या मध्यम कंपनीकडे जबाबदारी मोठ्या कंपनीची आहे, माणसं छोट्या कंपनीच्या हिशेबाने आहेत. चोवीस तासांची सेवा सुरू झाली तेव्हा आमच्या विभागात माणसं वाढली नाहीत, पाळ्या वाढल्या.

2025 च्या ऑक्टोबरचंच उदाहरण घ्या. 4 तारखेपासून रिझर्व्ह बँकेने चेक काही तासांत वटवण्याची नवी पद्धत सुरू केली. महिनाअखेरपर्यंत सगळ्या बँकांची संकेतस्थळं 'बँक डॉट इन' या नव्या पत्त्यावर न्यायची होती. दिवाळी त्याच महिन्यात आली. सुरुवातीच्या दिवसांत चेक अडकले, दिवाळीच्या तोंडावर व्यापारी शाखेत येऊन काउंटरवरच्या मुलींना बोलले, त्या आमच्यावर चिडल्या. चिडणं साहजिकच होतं. आम्हीही जीव तोडून काम केलं. माझ्या हाताखालचा तासगावचा एक मुलगा वसुबारसेला निघणार होता, तो पाडव्याला घरी पोचला. त्याच्या आईने मला फोन करून विचारलं, "ताई, ह्याच्या ऑफिसात दिवाळीला माणसं बदलत नाहीत का?" मी तिला काय सांगणार होते?

हे असं का होतं, तेही मला माहीत आहे, कारण दरपत्रकं तयार करायला मी बसते. बँक तीन कंपन्यांकडून दर मागवते. संचालक मंडळाच्या सभेत सर्वांत कमी दर मंजूर होतो, आणि मंजूर झाल्यावरही 'अजून काही कमी होईल का' हा प्रश्न येतोच. वार्षिक देखभालीच्या करारात 'चोवीस तास सपोर्ट' अशी एक ओळ असते. त्या ओळीपुढे किती माणसं, कोणत्या पाळीत, त्यांचा खर्च किती, यातलं काहीही नसतं. काही करारांचे मूळ दर तर एनईएफटी सातला बंद व्हायचं त्या काळातले आहेत, त्यावर दरवर्षी थोडी वाढ धरली जाते. आमचे मालक वाईट माणूस नाहीत. ते स्वतः प्रोग्रॅमर होते, 31 मार्चच्या रात्री आजही आमच्याबरोबर जागतात, सगळ्यांसाठी जेवण मागवतात. पण वर्षातून एक रात्र सोबत जागणं वेगळं आणि रात्रीचं काम करारात किमतीसह लिहून घेणं वेगळं. ते त्यांनी करायला हवं आणि ते करत नाहीत, कारण दर वाढवला तर बँक दुसऱ्या कंपनीकडे जाईल ही भीती.

कायद्याचंही सांगते. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात जादा कामाला दुप्पट दराने वेतन आहे. स्त्रीला रात्री साडेनऊनंतर कामावर ठेवायचं तर तिची संमती हवी, सुरक्षितता हवी आणि घराच्या दारापर्यंत पोचवण्याची सोय हवी. पण मी रात्रभर घरीच असते, फक्त फोनच्या ताब्यात. त्या तासांना या कायद्यात जागा सापडत नाही. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याच्या हक्काचं खासगी विधेयक लोकसभेत आणलं, नंतर ते पुन्हा मांडलं. त्यांचे आभार मानते. पण आमच्या कामात सगळ्यांनीच फोन बंद ठेवून चालणार नाही. ज्याच्यावर त्या रात्री फोन घ्यायची जबाबदारी आहे, त्याची ती रात्र कामात धरली जावी, तिचे पैसे मिळावेत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला झोपू द्यावं, एवढंच मला हवं आहे.

आणखी एक विसंगती मला सतत टोचते. व्यवहार फसला आणि ठरलेल्या मुदतीत पैसे परत जमा झाले नाहीत, तर ग्राहकाला दिवसाला 100 रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर 2019 चा नियम आहे. चांगला नियम आहे, ग्राहकाच्या वेळेला किंमत दिली गेली. ती मुदत टळू नये म्हणून जागणाऱ्या माणसाच्या वेळेला किंमत देणारी ओळ अजून कुणी लिहिलेली नाही.

हा केवळ आमच्या सोयीचा प्रश्न नाही, ठेवीदारांच्या पैशांचाही आहे. ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला, सुमारे 94 कोटी रुपये गेले. पहिला घाव 11 तारखेला पडला, आणि तो दुसरा शनिवार होता, बँका बंद होत्या. जुलै 2024 च्या अखेरीस सी-एज या कंपनीच्या यंत्रणेवर रॅन्समवेअरचा, म्हणजे यंत्रणा अडकवून खंडणी मागणारा, हल्ला झाला तेव्हा देशातल्या जवळपास 300 छोट्या बँकांचे यूपीआयसारखे व्यवहार काही काळ थांबवावे लागले. एका सॉफ्टवेअर कंपनीच्या आधारावर किती गावांतले व्यवहार उभे असतात, ते तेव्हा दिसलं. सुट्टीच्या दिवशी स्क्रीनवर काहीतरी वेगळं दिसलं तर ते ओळखायला ताज्या डोळ्यांचा माणूस लागतो. सलग चौथ्या रात्री अर्धवट झोपलेल्या पोराकडून ती अपेक्षा कशी करायची?

म्हणून आपल्या वाचकांना माझी विनंती आहे. तुमच्यापैकी अनेक जण गावच्या बँकेचे नुसते खातेदार नाहीत, सभासद आहेत. सप्टेंबरपर्यंत वार्षिक सर्वसाधारण सभा होतात, अहवाल घरी येतो. लाभांश किती आणि भेटवस्तू कोणती, यावर तिथे तावातावाने चर्चा होते. यंदा अहवालातल्या संगणकीकरणाच्या खर्चाकडेही बघा. उभं राहून अध्यक्षांना विचारा, की सॉफ्टवेअर कंपनीशी झालेल्या करारात रात्री आणि सुट्टीच्या दिवशी किती माणसं नेमल्याचं लिहिलं आहे आणि त्यांच्यासाठी वेगळी रक्कम धरली आहे का. संचालक आमचं ऐकत नाहीत, सभासदांचं त्यांना ऐकावं लागतं. रात्रीच्या माणसांची संख्या आणि दर दरपत्रकात वेगळा मागायचा, असा ठराव दहा-बारा बँकांनी जरी केला, तरी सगळ्या कंपन्यांना तो भरावा लागेल आणि कुणा एकट्याला महाग पडण्याची भीती उरणार नाही.

आमच्या कंपनीत मी हाच प्रस्ताव लेखी दिला आहे, येत्या एप्रिलच्या करारांपासून लागू करावा असं त्यात म्हटलं आहे. उत्तर अजून आलेलं नाही, मी पुन्हा विचारणार आहे.

आपली,
एक वाचक, कोथरूड, पुणे
(नोकरीच्या कारणाने नाव छापू नये ही विनंती.)